नाना, तुमच्या बांबूला आणि तुम्हाला मनापासून थँक्यू

ती. नाना,

सगळ्यांसमोर लिहितेय कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या हो ताई" म्हणता आणि विषय थेट कांद्याच्या भावावर नेता. या वेळी तसं चालणार नाही, तुम्ही ओझरला आहात आणि मी इकडे नाशकात, त्यामुळे पूर्ण वाचावंच लागेल.

यंदाचा उन्हाळा आपल्या बिल्डिंगने कसा काढला हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पाणी एक वेळ, तेही कमी दाबाने, बोअर एप्रिलमध्येच बसली, टँकरवाला फोन उचलेना. आम्ही चौथ्या मजल्यावरचे, म्हणजे सकाळी नळ सोडला की आधी नुसती हवा, मग शिट्टी, मग दोन तांबे पाणी की संपलं. खालच्यांचे ड्रम भरून वाहायचे तेव्हा आमच्याकडे कुकर लावायला पाणी नसायचं. मीटिंगा झाल्या, पण त्यात कोण किती गाड्या धुतो आणि कोणाची कामवाली नळ चालू ठेवते यापलीकडे गाडी गेलीच नाही.

आणि मग तुम्ही बोललात. तोपर्यंत तुम्ही म्हणजे मुलाकडे राहायला आलेले, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे नाना, एवढंच आम्हाला माहीत. वाघाड धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेत तुम्ही इतकी वर्षं पाणी वाटलंय हे कोणाला ठाऊक होतं! ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या, कालव्याचं पाणी मोजून घ्यायचं, शेतकऱ्यांनी आपसात वाटायचं, आणि शेवटच्या शेताला आधी द्यायचं, म्हणजे कालव्याच्या टेलपासून (शेवटच्या टोकापासून) हेडकडे (सुरुवातीकडे) यायचं, हे सगळं तुम्ही त्या मीटिंगमध्ये पाच मिनिटांत सांगितलंत. शेतकऱ्यांकडे सिंचनाचं व्यवस्थापन देणारा राज्याचा कायदा २००५ ला आला, तुम्ही लोक त्याच्या आधीपासूनच करत होतात. त्यावर एकजण म्हणाले की नाना ते शेतात, हे फ्लॅट आहेत. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी घरी जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं: "जायकवाडीला पाणी सोडलं की आपण नाशिकवाले ओरडतो, का तर आपण वरचे. इथे नळाचं पाणी उलटं चालतं, तळमजला हेड आणि चौथा मजला टेल. मग आता कोण ओरडणार?"

कोणीच ओरडलं नाही. म्हणजे त्या दिवशी तरी.

दुसऱ्या दिवसापासून नियम. सकाळी सहाला लाईन सोडायची, पहिली पंधरा मिनिटं फक्त चौथा मजला, बाकीच्यांनी आपापला मेन कॉक बंद ठेवायचा, मग तिसरा, असं करत खाली. तळमजल्यावरच्या वहिनींना हे अजिबात पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं आम्ही पहिल्यापासून राहतो, आम्ही का थांबायचं. तुम्ही भांडला नाहीत, त्यांच्याकडे जाऊन चहा घेतलात आणि त्यांना बरोबर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढलात, आमचा नळ उघडून दाखवलात, बस. नंतर तर त्याच वहिनी जिन्यातून ओरडायच्या, "अहो दुसरा मजला, कॉक बंद करा, अजून तिसऱ्याचं चालू आहे!"

पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम तुम्ही वेगळंच केलंत, आणि त्याचं कोणी नाव काढत नाही. टँकर आला की वाटणी कशी, फ्लॅटमागे की माणसामागे? तोपर्यंत सहा माणसांच्या घरालाही तेवढंच आणि एकट्या माणसालाही तेवढंच, कारण "मेंटेनन्स सारखा भरतो". तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग मेंटेनन्सच प्या की." हसलो सगळे, पण वाटणी माणशी झाली. आणि वहीत माणसं मोजताना तुम्ही वॉचमनच्या खोलीतली चार माणसं पहिल्या ओळीत लिहिलीत. शहराचा सरकारी हिशोब माणशी रोज १३५ लिटरचा असतो, आपल्याला तेवढं मिळतच नव्हतं, पण जे काही होतं त्यात वॉचमनची बायको आणि आमचे चेअरमनसाहेब यांचा वाटा सारखाच. तोपर्यंत ती बाई बाजूच्या साईटवरून हंडे आणायची आणि आम्ही सगळे ते रोज बघायचो.

आता बांबूचं. गच्चीवरच्या टाकीत सोडायचा तुमचा तो बांबू, इंचाइंचावर लाल रंगाच्या रेघा मारलेला, रेघाही हाताने मारलेल्या म्हणून थोड्या वाकड्याच. टाकी तीन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे एक इंच उतरली की दीडशे लिटर गेलं, हा हिशोब तुम्ही लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला आणि रोजची लेव्हल त्याखाली. मग तुम्ही रात्री अकराला बांबू घातलात आणि पहाटे पाचला परत. पंप बंद, सगळे झोपलेले आणि टाकी तीन इंच खाली! साडेचारशे लिटर कोण प्यायलं? भूत म्हणालात तुम्ही, आणि रंगपंचमीचा उरलेला रंग घेऊन घरोघर फ्लशच्या टाकीत टाकत फिरलात. अर्ध्या तासाने ज्यांच्या भांड्यात गुलाबी ओघळ दिसला त्यांचा वॉल्व्ह गळका. कोणाकोणाकडे दिसला ते मी लिहीत नाही, सोसायटीत राहायचंय मला. पण वॉशर बदलल्यावर रात्रीचा उतार जवळजवळ थांबलाच, आणि त्याआधी आम्ही जे एकमेकांना पाणीचोर म्हणत होतो ते सगळं फुकट गेलं.

२०१६ ला रामकुंड कोरडं पडलं, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, टँकरने पाणी आणून टाकलं, तेव्हाही आम्ही इथेच राहत होतो. तेव्हा नुसती हळहळ केली, फोटो काढले आणि पाऊस आल्यावर विसरलो. या वेळी तुम्ही विसरू दिलं नाहीत, मे महिन्यातच बोअर रिचार्जचा, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरसाठी जमिनीत मुरवायचा, खड्डा काढायला लावलात. गच्ची तीनशे चौरस मीटर, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर, म्हणजे शंभर मिलिमीटरला तीस हजार लिटर, हे आता बिल्डिंगमधल्या पोरांना पाठ आहे, पाढ्यांपेक्षा बरं.

तर थँक्यू नाना. तुमच्या सूनबाईंनाही थँक्यू, गुडघे दुखत असताना तुम्हाला रोज गच्चीवर चढू दिलं म्हणून, (त्या मला मनातल्या मनात शिव्या देत असतील याची कल्पना आहे).

आणि एक काम आहे. खड्ड्यात मोठे दगड, मग खडी, मग वाळू, हे तुम्ही सांगितल्याप्रमाणे भरून झालंय. पहिल्या पावसाचं गच्चीचं घाण पाणी बाहेर सोडायचं हेही कळलं, पण पाईप खड्ड्याकडे नक्की केव्हा फिरवायचा यावर इथे दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते पहिला पाऊस सोडा, दुसरी म्हणते पहिले दोन-तीन. त्र्यंबककडे ढग दिसायला लागलेत, तेव्हा हे वाचलं की लगेच फोन करा.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची ताई