स्ट्रॉमनेसच्या म्युझियममधल्या बाईंना

प्रिय बाई,

इंग्रजीतलं आभाराचं कार्ड एव्हाना मिळालं असेल. हे पत्र मराठीत, कारण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या या बंदरात तुम्ही जे दाखवलंत ते आमच्याकडच्या लोकांनीही वाचावं असं वाटतं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या स्क्रॅब्स्टरहून बोटीने आलो ते स्कापा फ्लो या इथल्या उपसागराच्या ओढीने. १९१९ मध्ये जर्मनांनी आपलंच आरमार तिथे बुडवलं, एवढंच ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "ते होईल सावकाश, आधी हे बघा," आणि हॅल्केट नावाच्या माणसाने बनवलेल्या होडीपुढे नेऊन उभं केलंत. रबर चढवलेल्या कापडाची, फुगवायची होडी! हवा काढली की झग्यासारखी अंगावर घ्यायची, छत्री उघडली की शीड. मला आधी थट्टाच वाटली.

मग भर वाऱ्यात लॉगिनच्या विहिरीपर्यंत स्वतः चालत आलात. १६७० ते १८९१ कॅनडात व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीची जहाजं इथे पाणी भरत, १७८० मध्ये कॅप्टन कुकची आली, १८४५ मध्ये फ्रँकलिनची 'एरेबस' आणि 'टेरर', असं तिथल्या पाटीवर आहे. फ्रँकलिनची ती आर्क्टिक मोहीम परतलीच नाही. विहीर १९३१ पासून बंद आहे. बहुतेक गाईड इथेच थांबले असते.

तुम्ही मात्र जॉन रे यांच्यावर आलात. पाण्यापलीकडच्या क्लेस्ट्रेनचा हा डॉक्टर, आर्क्टिकमध्ये तसलीच होडी वापरणारा. १८५४ मध्ये त्यांनी आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांकडून फ्रँकलिनच्या माणसांच्या वस्तू विकत घेतल्या, त्यांचं म्हणणं नीट ऐकलं आणि लंडनला कळवलं, की ती माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी शेवटी मेलेल्या सोबत्यांचं मांसही खाल्लं. फ्रँकलिनच्या पत्नी लेडी फ्रँकलिन खवळल्या. कादंबरीकार डिकन्सने तर इनुइटांना खोटारडंच ठरवलं. रे यांना सरकारी बक्षीस मिळालं, पण 'सर' काही मिळालं नाही. बुडालेलं एरेबस २०१४ मध्ये सापडलं, टेरर २०१६ मध्ये; दोन्ही वेळा इनुइटांच्या सांगण्याचा उपयोग झालाच.

हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, जणू परवाचंच भांडण. गावाचा मोठेपणा सांगतानाही खरं बोलणाऱ्या परक्या माणसांचं श्रेय तुम्ही त्यांनाच दिलंत. त्याबद्दल खास आभार.

ता. क. गावातल्या एका बोळाचं नाव 'खैबर पास' आहे, हे घरी फोटो दाखवेपर्यंत कुणालाच पटलं नाही.

तुमचा,
एक पाहुणा