सरांना, इलेक्ट्रोडच्या करंटबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, अभ्यास कर" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून चारचौघांत लिहितो. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात, थर्मलमधून रिटायर होऊन कपाशी पेरणाऱ्या माणसाकडे एमएचडी जनरेटर (तापलेल्या वाहत्या वायूतून थेट वीज काढणारं यंत्र) शिकता येतो, हे इतर पोरांनाही कळू द्या.

सेमिनारपुरतं पुस्तकातलं मला पाठ होतं. नळीतून वाहणारा अडीच-तीन हजार केल्विनचा वायू, वाहकता वाढवायला त्यात पोटॅशियम, आडवं चुंबकीय क्षेत्र, नळीच्या भिंतींवर समोरासमोर वीज गोळा करणारे इलेक्ट्रोड. फिरणारं काही नाही, थेट डीसी. तुम्ही विचारलंत, "भितीले एकच लांब पट्टी काऊन नाही लावत? तुकडे कायले?"

तिथून खरा विषय सुरू झाला. हॉल परिणामामुळे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वाहणारा करंट आडवं व्होल्टेज तयार करतो त्यामुळे, वायू वाहतो त्या दिशेनंही व्होल्टेज उभं राहतं. सलग पट्टी ते शॉर्ट करते आणि करंट नळीतल्या नळीत फिरत राहतो. म्हणून तुकडे, मधे इन्सुलेशन. पण मग प्रत्येक जोडी वेगळ्या व्होल्टेजवर, सगळ्या एका वायरीला बांधता येत नाहीत.

आणि भिंतीजवळचा वायू थंड, कमी वाहक. तिथून करंट सगळीकडून सारखा येत नाही, एखाद्या कडेला बारीक आर्क (विजेची सलग ठिणगी) होऊन घुसतो. तिथला वायू आणखी तापतो, रोध घटतो, करंट आणखी तिकडेच ओढला जातो आणि इलेक्ट्रोड खाल्ला जातो. "ओलिताचा दांड एका जागी फुटला का सारं पानी तिकडंच," तुम्ही म्हणालात. गाइडच्या दहा स्लाइड एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे.

उपायावर मात्र तुम्ही मला भरपूर छळलंत. प्रत्येक जोडीला रेझिस्टन्स लावू म्हटलं, तर "कमावलेली वीज तापवून टाकतोस का?" मग स्विचिंगनं डीसीचे तुकडे पाडून, एकाच गाभ्यावर उलटसुलट गुंडाळलेल्या सारख्या वेढ्यांतून शेजारच्या दोन इलेक्ट्रोडचे करंट न्यायचे. एक वाढू लागला की गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं आणि तयार झालेलं व्होल्टेज त्यालाच अडवतं. ही आकृती तुम्ही खताच्या पावतीमागे काढलीत. ती पावती काकूंना हिशेबाला हवी होती, त्याची माफी त्यांच्याकडे मागितली आहे.

मॉस्कोतलं यू-२५ हे एमएचडी संयंत्र, आपल्याकडं तिरुचिरापल्लीला भेल आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रायोगिक संयंत्र, यांवर परीक्षकांनी विचारलंच. सांगता आलं. पण गुण मिळाले ते आर्कच्या उत्तराला.

एक प्रश्न राहिलाय. एखादा इलेक्ट्रोड पूर्ण तुटला, तर त्याच्या जोडीदार वेढ्याचं काय? संतुलन साधता साधता तो चांगल्या इलेक्ट्रोडचाही करंट दाबून टाकेल ना? वेचणी आटोपली की येतो. कागद माझा आणीन.

आपला,
पाटलाच्या वाड्यामागचा