पान २८१

प्रिय पाठीराख्यांनो,

तुमच्या वर्गणीतून ज्यांची एकेक कादंबरी छापून आली, त्या आम्हा दोघींचं हे पत्र आहे. लिहायचं काम माझ्याकडे आलंय, पण ती शेजारीच बसली आहे आणि तिनं मान हलवल्याशिवाय पुढचं वाक्य लिहिता येत नाहीये.

छापखान्यातून खोकी आली त्या संध्याकाळी आम्ही तिच्या कादंबरीची पहिली प्रत काढली आणि थेट पान २८१ उघडलं. तिथून तुमची नावं सुरू होतात. दोन रकाने, साडेसहा पानं. कादंबरीतलं वाक्यन् वाक्य आम्हाला पाठ होतं, त्यामुळे ती आत्ता वाचायची गरज नव्हती. नावं मात्र आम्ही मोठ्यानं वाचली. डावा रकाना तिनं वाचला, उजवा मी. मधेच एखादं नाव आलं की थांबायचो, 'या त्याच ना, ज्यांनी मुखपृष्ठाच्या निळ्या रंगाबद्दल लिहिलं होतं?' असं विचारायचो आणि पुन्हा सुरू करायचो. संपायला बराच वेळ लागला. घाई करावी असं वाटलंच नाही.

या पानांची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. पुस्तक फर्म्यांमध्ये छापतात. मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं छापायची, घड्या घालायच्या, की झाला एक फर्मा. असे फर्मे एकापुढे एक लावून पुस्तक बांधलं जातं. म्हणून एकूण पानं १६ च्या पटीत बसवावी लागतात. नाही बसली तर शेवटी कोरी पानं राहतात, किंवा आणखी फर्मा घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. तिची कादंबरी संपत होती २८० व्या पानावर. १८ फर्म्यांची पानं होतात २८८. म्हणजे उरली ८. त्यातली २ लेखिकेच्या परिचयासाठी ठेवलेली आणि तुमच्या नावांना हवी होती ७. एक पान कमी. मांडणी करणाऱ्यांनी सुचवलं, नावांचं अक्षर बारीक करू, यादी कुणी फारसं वाचत नाही. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "परिचय काढून टाका," म्हणाली. परिचय गेला, नावांचं अक्षर आहे तेवढंच राहिलं. माझ्या कादंबरीत सुदैवानं जागा होती, तिथे हा प्रसंग आला नाही.

आता थोडं मागे जाते. आमच्या दोघींकडे एकेक कादंबरी तयार होती. तिची एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बापाची, माझी दोन बहिणींमधल्या लांबलेल्या अबोल्याची. हस्तलिखितं पाठवून झाली होती. काही ठिकाणांहून सभ्य शब्दांत नकार आला. एका ठिकाणाहून वर्ष उलटलं तरी होय की नाही हेही कळलं नाही. नकाराचं वाईट वाटतं, पण तो पचतो. ते न बोलणं जास्त लागलं. पुस्तक छापणं म्हणजे जोखीम घेणं, आणि अनोळखी नावावर ती कुणी का घ्यावी, हा प्रश्न आम्हालाही पटत होता. तेव्हा आम्ही ठरवलं की ही जोखीम एकावर टाकण्याऐवजी पुष्कळ जणांना थोडी थोडी उचलायला सांगू. लोकवर्गणी. दोन कादंबऱ्या, एक मोहीम, ३० दिवस.

मोहीम सुरू करायच्या आधी ज्याला त्याला विचारलं आणि प्रत्येकानं आम्हाला एकच उदाहरण ऐकवलं. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकानं ४ कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम उघडली आणि १ लाख ८५ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. ऐकायला छान वाटतं, पण त्याच्यामागे अनेक वर्षांचा वाचकवर्ग आधीच उभा होता. ज्याचं एकही पुस्तक बाजारात नाही त्यानं या आकड्याकडे बघून काही ठरवू नये, हे मी अनुभवानं सांगते. पहिलं पुस्तक उभं राहतं ते काहीशे माणसांवर, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण का आलो हे नेमकं माहीत असतं.

आमच्या मोहिमेचा नियम होता सगळं किंवा काहीच नाही. ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कुणाच्याही खात्यातून काही वळतं होणार नाही, आणि आम्हालाही काही मिळणार नाही. देणाऱ्याच्या दृष्टीनं हा नियम उत्तम आहे. अर्ध्या पैशात अर्धवट काहीतरी होऊन बसत नाही. मागणाऱ्याचा मात्र जीव टांगणीला लागतो. पहिले ४ दिवस ओळखीच्यांनी भराभर नावं नोंदवली. मग आकडा जो थांबला तो थांबलाच. १२ व्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत एकही नवं नाव आलं नाही. मोहिमा मधल्या दिवसांत अशाच मंदावतात हे आम्ही वाचलं होतं, पण वाचलेलं आणि अंगावर आलेलं यांत फार अंतर असतं.

त्या रात्री तुमच्यापैकी एकानं नाव नोंदवलं आणि सोबत दोन ओळी लिहिल्या. नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ओळी अशा होत्या की नमुन्याचं प्रकरण वाचलं, घड्याळजीच्या हातातल्या चिमट्याचं वर्णन वाचताना माझे वडील दिसले, पुढे काय होतं ते मला वाचायचंच आहे. रक्कम सगळ्यात लहान टप्प्याची होती. आम्ही त्या दोन ओळी कागदावर उतरवून तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवल्या. त्या अजून तिथे आहेत. तोवर आम्ही 'आमच्या पुस्तकांना मदत करा' असं सांगत सुटलो होतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मदतीचं बोलणं सोडलं आणि रोज कादंबरीतला एकेक परिच्छेद लोकांसमोर ठेवायला लागलो. आकडा पुन्हा हलू लागला. २७ व्या दिवशी रक्कम पूर्ण झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती आणि मी फोनवर नुसतीच 'झालं, झालं' म्हणत होते.

तुमचे पैसे कुठे गेले याचा हिशेब आम्ही वेळोवेळी कळवत आलो आहोत. छपाई, कागद, बांधणी, टपाल हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण मला आवर्जून सांगायचंय ते संपादनाबद्दल, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. तुमच्यामुळे आम्हाला संपादक परवडल्या. माझ्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'हे धाकटीला कसं कळलं?' मी आठ दिवस चिडून होते. मग लक्षात आलं की धाकटीला ते कळूच शकत नाही. मोठीनं ते कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तिनं सांगितलेलं नाही यावर तर पुढची सगळी कादंबरी उभी आहे. अख्खं प्रकरण काढलं, पुन्हा लिहिलं. आज जे वाचून तुम्ही आम्हाला कळवताय की शेवटी डोळे भरून आले, ते त्या पेन्सिलीच्या एका ओळीमुळे. त्यानंतर मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तीन वेळा तपासली गेली. आमच्या एकटीदुकटीच्या ऐपतीत एकदाच जमलं असतं.

मग उशीर झाला. संपादन लांबलं, पुढे ज्या छापखान्याशी बोलणं झालं होतं त्यांनी ऐन वेळी तारीख पुढे ढकलली, आणि तुम्हाला दिलेल्या तारखेपेक्षा आम्ही ७ महिने मागे पडलो. तुम्हाला ते कळवणारं पत्र लिहिताना आमचा हात जड झाला होता. पैसे घेतलेत आणि पुस्तक नाही, यासारखी लाज दुसरी नाही. त्या पत्राला तुमच्यापैकी एकांनी उत्तर म्हणून सॅम्युएल जॉन्सन या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाची गोष्ट पाठवली. शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी त्यानं १७५६ मध्ये वर्गणीदार जमवायला सुरुवात केली आणि पुस्तक बाहेर पडलं १७६५ मध्ये. वर्गणीदारांची नावं छापणं शक्य नाही, कारण यादी हरवली आहे आणि पैसेही खर्च झाले आहेत, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितल्याचं त्याचा चरित्रकार बॉस्वेल यानं नोंदवून ठेवलंय. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'तुम्ही यादी सांभाळा, पुस्तकाची आम्ही वाट बघू.' एकानेही पैसे परत मागितले नाहीत. मागितले असते तर ते रास्तच होतं, आणि आम्ही दिले असते.

यादी आम्ही सांभाळली. तीन ठिकाणी.

प्रती रवाना झाल्या आणि आठवडाभरात एक फोटो आला. पान १७६ नंतर पुन्हा पान १६१. अकरावा फर्मा दोनदा लागला होता आणि बारावा, म्हणजे १७७ ते १९२, गायब. कथेत नेमका तेव्हा बाप दुकानाची चावी मुलाच्या हातात ठेवतो. ज्या वाचक बाईंनी हे कळवलं त्यांनी तक्रारीचा एक शब्द लिहिला नव्हता. 'चावी दिली की नाही तेवढं सांगा, झोप यायची नाही,' असं लिहिलं होतं. आम्ही त्या रात्रीच १६ पानं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी नवी प्रत. मग आमच्याकडे उरलेली प्रत न् प्रत उघडून बारावा फर्मा तपासला. अशा ११ प्रती निघाल्या. ती सदोष प्रत परत पाठवायला सांगितली तर त्या म्हणाल्या, ही राहू दे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवणार आहे.

नावांची यादी छापायची कल्पना नव्या जमान्याची आहे असं आम्हाला वाटायचं. ती चांगलीच जुनी निघाली. १७९६ मध्ये फ्रान्सिस बर्नी या लेखिकेची 'कमिला' ही पाच खंडांची कादंबरी आगाऊ वर्गणीवर निघाली आणि वर्गणीदारांची यादी पुस्तकातच छापली गेली. हजारावर नावं. त्यात एक नाव आहे 'मिस जे. ऑस्टिन, स्टीव्हन्टन'. पुढे नामवंत इंग्रज कादंबरीकार झालेली जेन ऑस्टिन तेव्हा २० वर्षांची होती. तिची स्वतःची पहिली कादंबरी १८११ मध्ये आली, तीही स्वतःच्या खर्चाच्या जबाबदारीवर, आणि तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढंच होतं. म्हणजे दुसरीच्या कादंबरीच्या यादीत तिचं नाव आधी छापलं गेलं, स्वतःच्या मुखपृष्ठावर ते नव्हतंच. हे वाचल्यापासून मी तुमची साडेसहा पानं वेगळ्या नजरेनं बघते. तुमच्यापैकी किमान चौघं लिहितात हे मला माहीत आहे, कारण त्यांनी संकोचत संकोचत सांगितलं. तुमची हस्तलिखितं तयार होतील तेव्हा आम्हाला कळवा. पहिल्या दिवशी नोंदवलेल्या नावांत आमची दोन असतील.

ज्यांनी पैसे देऊ शकत नाही असं सांगून मोहिमेची माहिती दहा जणांपर्यंत पोचवली, ज्यांनी पाकिटांवर पत्ते लिहायला दोन रविवार दिले, ज्यांनी तिच्या कादंबरीतल्या केसकमानीचं आणि तोलचक्राचं, म्हणजे घड्याळाच्या आतल्या भागांचं, वर्णन बरोबर आहे ना हे तपासून दिलं, त्यांची नावं वर्गणीच्या यादीत आपोआप आली नव्हती. ती आम्ही हातानं घातली. काही जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं. ते आम्ही पाळलं, पण तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे आणि हे पत्र तुम्हालाही तितकंच आहे.

आता एक माफी. तीन वेळा मुद्रितं तपासूनही यादीत दोन नावं चुकली. एका आडनावातल्या 'ळ' चा 'ल' झाला आणि एका नावातला रफार पुढच्या अक्षरावर गेला. पहिल्या आवृत्तीच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत, त्या आम्ही शाईच्या पेनानं दुरुस्त करतोय. तुमच्या नावातही काही खटकलं तर या महिनाअखेरपर्यंत कळवा. दुसऱ्या आवृत्तीचा शेवटचा फर्मा अजून छपाईला गेलेला नाही.

तुमच्या,
आम्ही दोघी