भेसळ उपटण्याआधी

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, कॉलेजच्या धानाच्या प्लॉटमधली भेसळ काढायला तुम्हाला दिवसभर बांधीत उतरवलं होतं. वेगळं दिसेल ते रोप उपटायचं आणि धुऱ्यावर फेकायचं. बियाण्याच्या प्लॉटात ते करावंच लागतं, त्यात काही चूक नाही. पण फोन ठेवल्यावर मला रात्री उशिरापर्यंत दादाजी खोब्रागडे आठवत राहिले. म्हणून लिहायला बसलो.

एचएमटी धानाचा भात तू कळत नव्हतं तेव्हापासून खात आलीस. तो वाण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी काढलेला. शाळा तिसरीपर्यंत, शेती थोडकी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक. दुसऱ्या कोणीही भेसळ म्हणून सोडून दिल्या असत्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी जपल्या. पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध लावल्या आणि भोवती काट्या रोवल्या, कारण शेत जंगलाला लागून आणि रानडुकरांचा त्रास रोजचा.

मग तेच पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. सारखं दिसेल ते ठेवायचं, बाकीचं वेगळं काढायचं. धानाचं फूल स्वतःतच फळतं म्हणून निवडलेला गुण पुढे टिकतो, हे तू मला पुस्तकातून सांगितलंस. त्यांना ते बघून बघून कळलं होतं. हातावर पोट असताना बांधीतला एक कोपरा प्रयोगाला देणं म्हणजे काय, हे तुझ्या बापाला विचार. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेवढ्या कोपऱ्यातले धानसुद्धा घरात हवे असतात.

वाण पसरला. व्यापाऱ्यांनी त्याला घड्याळाचं नाव दिलं. त्या काळी मनगटावर एचएमटी असणं म्हणजे मोठा मान होता. ज्याने पिकवला त्याचं नाव मात्र पोत्यावर कुठेच नव्हतं. हे आठवलं की मला अजूनही राग येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं. पुढच्या वाणांना त्यांनी स्वतः नावं दिली: नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड. एकाचं नाव डीआरके, म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पण मुलाच्या आजारपणात जमीन विकली गेली होती, आणि पुढची निवड सुनेकडच्या दीड एकरावर चालली. ३ जून २०१८ ला ते गेले, ऐन पेरणीच्या तोंडावर.

तुझी आई म्हणते, ‘दाणा न् दाणा वाळवणारी, उंदरापासून राखणारी घरातली बाई असते, तिचं नाव कोण घेतं?’ मला यावर उत्तर देता आलं नाही.

आता माझी गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. तू चौथीत होतीस. परतीच्या पावसाने आपलं सगळं धान लोळलं होतं. बोडीच्या पाण्याच्या बाजूला धानाचा एकच चूड, एका रोपाचा झुबका, उभा होता, लोंब्या भरलेल्या, दांडा ताठ. मी दोन दाणे दाताखाली फोडून बघितले आणि मनात म्हटलं, कापणीला हा वेगळा काढू. खूण केली नाही. कापणीच्या दिवशी मी बँकेच्या कामाला तालुक्याला गेलो, संध्याकाळी आलो तर बांधी मोकळी. तो चूड भाऱ्यात गेला आणि मळणीच्या चुरण्यात मिसळला. दुसऱ्या वर्षी तिथेच जाऊन बघत राहिलो.

म्हणून तुला सांगतो, उपटण्याआधी क्षणभर बघत जा. आणि लिहून ठेव. तारीख, कोणता कोपरा, फुटवे किती, दाणा कसा. माझ्याकडे वही नव्हती. तुझ्याकडे वही आहे, अक्षर सुंदर आहे. शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येईल असा कायदा २००१ साली झाला आहे, पण नोंद करायची तर दाखवायला काहीतरी हातात असावं लागतं.

यंदा बोडीजवळच्याच बांधीत एक चूड दिसला आहे. बाकी धान अजून हिरवट असताना याच्या लोंब्या वाकल्या आहेत. काही निघेल की नाही, सांगता येत नाही. आईने आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी त्याला बांधली आहे आणि कापणाऱ्या बायांना बजावून ठेवलं आहे. तू येईपर्यंत त्याला विळा लागणार नाही.

येताना वही आण. थंडी पडायला लागली आहे, स्वेटर घालून बसमध्ये बस.

तुझा,
बाबा