रविवारी लाइव्ह बघायला बसाल तेव्हा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, ‘तू खेळणारच नाहीस, मग व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत दिवसभर करणार काय?’ फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

खेळाडू १६. ‘एवढेच?’ म्हणू नका. आज जगभर नावाजलेली ‘ईव्हो’ ही फायटिंग गेमची (म्हणजे पडद्यावर समोरासमोर मारामारीच्या गेमची) स्पर्धासुद्धा १९९६ साली कॅलिफोर्नियात ४० जणांवर सुरू झाली होती. आमची पद्धत डबल एलिमिनेशन. एकदा हरलेला खालच्या गटात जातो, दुसऱ्यांदा हरला की बाहेर. साध्या बाद पद्धतीत १५ सामन्यांत सगळं आटपतं. यात ३० होतात, कधी ३१. वरच्या गटातून आलेला फायनलपर्यंत एकदाही हरलेला नसतो, त्यामुळे खालून आलेल्याला त्याला दोनदा हरवावं लागतं. तेव्हा आई, फायनल संपली असं समजून लगेच बंद करू नकोस. वेळ दुप्पट जातो खरा, पण लांबून आलेल्या पोराला एका सामन्यात घरी पाठवणं मला पटत नाही.

सामने दोन टेबलांवर चालतील, लाइव्ह एकाच टेबलाचं. तिथे कुठली जोडी बसवायची ते मी ठरवणार, आणि सगळे रुसवेफुगवे त्यावरूनच होतात.

बाकी कारभार वायरींचा. कन्सोलचं, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्राचं, चित्र कॅप्चर कार्डात येतं; ही ते चित्र लॅपटॉपला पुरवणारी छोटी डबी. तिथून एक वायर खेळाडूंच्या मॉनिटरला, दुसरी माझ्या लॅपटॉपला. लॅपटॉपवर चित्र किंचित मागे असतं, म्हणून त्यावर बघून कुणी खेळत नाही. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं येतात, म्हणजे एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. चार-पाच फ्रेम उशीर झाला तरी या मुलांच्या बोटांना तो जाणवतो.

वायरलेस कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा बिनवायरीचा बटणांचा संच, हा वेगळाच ताप. आधी खेळून गेलेल्याचा कंट्रोलर कन्सोलशी जोडलेलाच राहतो, बॅगेत त्याचं बटण दाबलं जातं आणि दुसऱ्यांचा ऐन रंगात आलेला सामना थांबतो. म्हणून खेळून उठणाऱ्याचा कंट्रोलर आधी डिस्कनेक्ट, मग पुढची जोडी.

प्रक्षेपण ओबीएस या फुकट सॉफ्टवेअरवरून. इंटरनेटचा डाउनलोड कितीही असो, मला अपलोड, म्हणजे इथून बाहेर पाठवायचा वेग, हवा, सलग ६ एमबीपीएस (सेकंदाला ६ मेगाबिट) आणि वर थोडा शिल्लक. वाय-फायवर माझा विश्वास नाही, केबलच लावणार. नेट गेलंच तरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू राहील. मला चित्रापेक्षा आवाजाची काळजी जास्त. चित्र जरा धूसर झालं तर लोक चालवून घेतात, कॉमेंट्री खरखरली की उठून जातात.

तुमच्यापर्यंत सगळं काही सेकंद उशिरा पोहोचेल. दादा हॉलमध्येच असेल, पण त्याला फोन करून निकाल विचारू नका, मजा जाईल. माझा फोन बंद असेल. चॅटमध्ये लिहा हवं तर. फक्त आई, ‘जेवलीस का’ असं लिहू नकोस, कॉमेंटेटर चॅट मोठ्याने वाचून दाखवतात.

तुमची,
लेक