जिन्यातली जुनी नोटीस

ती. आई-बाबांस, सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बरंय, बरंय" म्हणतात आणि फोन आईकडे देऊन मोकळे होतात. म्हणून पत्र.

बाबा, गेल्या महिन्यात मी लालबागला आले होते तेव्हा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही मंडळाची नोटीस वाचत थांबलात. मीही थांबले. नोटीस मागच्या वर्षीच्या वर्गणीची होती. तुम्हाला धाप लागली नव्हती की घाम फुटला नव्हता. पण उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती. तुम्ही नाडी मोजत होतात.

ॲटॅकनंतर हृदयाच्या शिरेत स्टेंट टाकून आता दहा आठवडे होतील. शीर मोकळी झाली, तुम्ही मात्र गॅलरीतल्या खुर्चीत अडकलात. आई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देते. आई, चिडत नाहीये गं. त्या रात्री टॅक्सीत त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं, तेव्हा मी इथे नाशकात झोपलेली होते. पण देव्हाऱ्यामागच्या पिशवीतलं डिस्चार्ज कार्ड काढ. गोळ्यांच्या यादीखाली शेवटची ओळ आहे, 'कार्डिॲक रिहॅब'. ते काय असतं हे तिथे कुणी आपल्याला सांगितलं नाही. फाइल हातात दिली आणि बिलाच्या खिडकीकडे पिटाळलं.

मग मीच इथल्या एका रिहॅब केंद्रात जाऊन तासभर बसले. हृदयाच्या दुखण्यानंतर देखरेखीखाली व्यायाम करवून माणसाला पुन्हा उभं करतात, ते हे. आधी प्रत्येकाचं बीपी बघतात. मग हातपाय हलके सोडवून घेतात, ट्रेडमिल किंवा सायकल, आणि शेवटी पुन्हा हळूहळू वेग उतरवतात. एकदम थांबायचं नसतं, रक्त पायांत साचून चक्कर येते. बायपासला तीन महिने झालेल्या एक बाई सायकल मारता मारता भाजीच्या भावावर बोलत होत्या. एक आजोबा चपला घालून ट्रेडमिलवर चढायला निघाले, तर फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना असं झापलं की बिचारे घरी बूट आणायला गेले. पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालवून किती अंतर होतं ते मोजतात, त्यावरून ज्याला त्याला झेपेल तेवढंच देतात. आठवड्यातून दोन-तीनदा, असे साधारण तीन महिने. व्यायामाबरोबर जेवण, गोळ्या, झोप, मनातली भीती हेही बघतात. आणि तंबाखू. बाबा, पुडी सुटली म्हणता, पण रुमालाला वास येत होता.

नाडीचं म्हणाल तर तुमच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे. त्यामुळे जोर केला तरी ठोके फारसे वाढत नाहीत, नुसत्या आकड्यावरून काही कळणार नाही. त्या मुलीने सोपी खूण सांगितली. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तर वेग बरोबर. तुमच्या भाषेत सांगायचं तर अभंग आरामात म्हणता आला तर पाय उचला, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर लगेच थांबायचं आणि सांगायचं. तिथे बघायला माणूस असतो, म्हणून तर जायचं.

पूर्वी ॲटॅक आला की सहा सहा आठवडे बिछान्यातून उठू देत नसत. आईच्या मनात अजून तेच आहे. पण 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकरवाल्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. बाबा, तीस वर्षं तुम्ही वडाळा डेपोत बसचं स्टिअरिंग धरून होतात, जिना चढला तो तुमचा कंडक्टर! 2021 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 85 चाचण्यांमधले 23 हजारांवर रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा व्यायामाच्या रिहॅबला जाणाऱ्यांत हृदयविकाराने दगावणं, पुन्हा ॲटॅक येणं आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं, तिन्ही कमी दिसलं. आपण काळजीपोटी नेमकं उलटं करत बसलोय.

गोळ्या मात्र आहेत तशाच चालू ठेवा. रक्त पातळ करणारी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही.

रविवारी पंचवटीने येते, दादरला उतरेन. सोमवारी सकाळी केईएमच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करू, जवळच आहे. तिथे नसेल तर कुठे आहे ते विचारू. आई, तूही चल. कोपऱ्यावरून भरलेल्या पिशव्या तू एकटी वर आणतेस, तुझंही बीपी बघायचंय.

बाबा, कपाटावरचे बूट खाली काढून ठेवा. चपला चालत नाहीत.

तुमची,
ताई