वाचनालयातल्या काकांना, शटर अर्धंच ओढल्याबद्दल

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्यांना कळायचं त्यांना न लिहिताही कळेल. पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून 'चहा घेणार ना?' म्हणाला असतात. म्हणून हे असं, चारचौघांत.

माझी लेक नववीत आहे. तिने 'फँड्री' पाहिला आणि तो तिच्या अंगातून जाईना. नागराज मंजुळेंचा हा पहिला मोठा सिनेमा २०१३ सालचा, म्हणजे ती तेव्हा अगदीच लहान होती. घरी आम्हीच लावला होता. जब्या या दलित मुलाचं घर गावाच्या देखत डुक्कर धरायला धावतंय, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर समोरून आरामात निघून जातं. तिथे आम्ही हसलो. ती हसली नाही. मग धरलेलं डुक्कर बांबूला लटकवून जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात, भिंतीवर आंबेडकर आहेत, फुले आहेत. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या तोंडावर येतो आणि पडदा काळा होतो.

"आई, तो दगड कुणाला लागला?" हे तिचं पालुपद झालं. जेवताना, रिक्षात, रात्री दिवा मालवल्यावर.

तिला उत्तर द्यायला माणसांची कमतरता नव्हती. एका मावशींनी 'लहान मुलांना असलं रडकं दाखवतात का' म्हणून मलाच झापलं. घरच्या ग्रुपवर एका भाच्याने विनोदी सिनेमांची यादी पाठवली, उतारा म्हणून. शाळेतल्या एका बाईंनी तर 'आता असं काही राहिलेलं नाही, अभ्यासात लक्ष दे' असं सांगून विषयच मिटवला. सगळ्यांचा सूर एकच, की पोरीला काहीतरी झालंय आणि ते लवकर बरं व्हायला हवं. ताप आल्यासारखं.

तुमच्याकडे मी तिला आणलं ते खरं तर माझं पुस्तक बदलायला. तिने तुम्हालाही तोच प्रश्न विचारला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "मला नाही सांगता येणार गं. मी तर थेटरात मान खाली घातली होती, लागेल म्हणून."

काका, त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पहिल्यांदाच कुणीतरी तिची समजूत काढत नव्हतं.

मग तुम्ही आत जाऊन ती पातळशी पुस्तिका आणलीत, बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींचं मराठी भाषांतर. "यात आपलं बडोदं आहे," एवढंच बोललात.

आपलं बडोदं! सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते कोलंबियाला गेले, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. गणेशोत्सवातल्या भाषणात ऐकलंय, मंडळाच्या स्मरणिकेत वाचलंय. आपण बडोदेकर मराठी लोक ही गोष्ट फार प्रेमाने सांगतो आणि बरोबर तिथेच थांबतो. पुढचं कुणी सांगत नाही. शिकून आलेला तो माणूस १९१७ साली नोकरीवर रुजू व्हायला याच गावात आला, तर त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून तो एका पारशी धर्मशाळेत राहिला. दीड रुपया रोज. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या दालनात, अडगळीत, एका कंदिलाच्या उजेडात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर पारशी माणसं त्याला हाकलायला जिन्यावरून वर आली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही काहीतरी कारण सांगितलं. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, म्हणून तो कामाठी बागेत जाऊन बसला.

पाहुणे आले की आपण त्याच बागेत त्यांना म्युझियम दाखवतो आणि पोरांना हिंडवतो.

लेक इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी वाचते, पण ओळीवर बोट ठेवून. पुस्तिका घरी नेऊ या म्हटलं तर ऐकेना, तिथेच बसली. मी बाजारातून येते म्हणून खाली गेले. परत आले तर वाचनालयाची वेळ कधीच संपलेली, बाहेरची पाटी आत घेतलेली, आणि शटर अर्धं खाली. तुम्ही बाहेर पायरीवर बसला होतात. डबा पिशवीत भरलेला, पिशवी मांडीवर. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत.

वाकून पाहिलं. सगळे दिवे घालवलेले, फक्त तिच्या टेबलावरची ट्यूबलाइट आणि डोक्यावरचा पंखा चालू. ती वाचत होती. तुमचा फोन वाजला, तुम्ही कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. घरी वाट बघत होते हे उघड होतं. तुम्ही एकदाही आत डोकावून 'झालं का' विचारलं नाहीत. आपण दोघं पायरीवर बसून भाज्यांच्या भावावर बोललो, तेही हळू आवाजात.

मी सगळ्यात ऋणी आहे ती या शटरबद्दल. पुस्तक काय, कुणीही सुचवलं असतं. पूर्ण ओढलं असतंत तर ती दचकून उठली असती, सताड उघडं ठेवलं असतंत तर कुणीतरी पेपर वाचायला घुसलं असतं. हे असं अर्ध्यावर ठेवायचं भान कुठून येतं माणसाला? मोठी दानतवाली माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत, देणग्यांचे फलक आहेत, शाली-श्रीफळं आहेत. पण आपलं जेवण तासभर लांबवून, त्याचा चकार शब्द न काढता पायरीवर बसणारा माणूस मला तरी विरळाच भेटला आहे.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "त्यांनी लिहिलंय की अठरा वर्षं झाली, तरी ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं. मग मला सिनेमा पाहून दोन आठवड्यांत विसरायला का सांगतात सगळे?" मी काही बोलले नाही. त्या मावशींना मात्र मी हे वाक्य फोनवर जसंच्या तसं ऐकवलं, आणि मजा आली, खोटं कशाला सांगू.

तर काका, पुस्तिका अजून आमच्याकडेच आहे, किंवा नेमकं सांगायचं तर आमच्याकडेही नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून रीतसर नोंद करून आणली ती आता तिच्या एका गुजराती मैत्रिणीकडे आहे, आणि मुदत टळली आहे. शनिवारी आम्ही दोघी दंड भरायला येतोय. माफ करू नका, पावती फाडा. 'आता पुढचं काय वाचू' हे ती विचारणार आहे, तेवढं मनात ठरवून ठेवा.

आपली,
एक सभासद